गोष्टीच्या खाली पत्ता हवा

पोळ्याच्या पाडव्याला जुनं नागपूर रस्त्यावर उतरतं. जागनाथ बुधवारीतून पिवळ्या मारबतीचा पुतळा निघतो, इतवारीतून काळीचा. काळीची परंपरा १८८१पासूनची आणि पिवळीची १८८५पासूनची सांगतात. दोघींच्या मागेपुढे बडगे असतात. बांबू, कागद, चिंध्या यांचे हे पुतळे, आणि त्यांच्या अंगावर त्या वर्षीच्या दुखण्याची पाटी: महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, दहशतवाद, कधी एखादा नको झालेला पुढारी. रोगराई आणि इडापीडा सोबत ने, अशी मारबतीला हाक देत मिरवणूक पुढे सरकते आणि शेवटी पुतळे जाळले जातात. आज ज्याला ‘व्हायरल’ म्हणतात त्याची सगळी लक्षणं या बडग्यात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ आहेत. लांबून दिसेल असं चित्र, चार शब्दांची पाटी, टिंगल, आणि कालपरवाचा विषय. नंदनवन, सक्करदरा, हसनबाग या पुढच्या वस्त्यांतून माणसं पाहायला येतात, हातातले मोबाइल उंच होतात, आणि संध्याकाळपर्यंत बडग्यांची चित्रं पुण्यापासून दुबईपर्यंतच्या नागपूरकरांकडे पोचलेली असतात. दुसऱ्या दिवशी खड्डे जागेवरच असतात. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांचा नवा बडग्या निघतो.

यात मारबतीचा दोष नाही. ती विधी आहे. वर्षभराचा राग एका दिवशी मोकळा करायचा, एवढंच तिचं काम, आणि ते ती चोख करते. प्रश्न पडतो तो आजच्या सामाजिक मोहिमांविषयी. पाणी, स्वच्छता, बाईची सुरक्षितता, रस्त्यावरचे अपघात, वस्तीतली मुलं अशा प्रत्येक विषयावर आता दीड मिनिटांची फिल्म असते, मीम असतं, हॅशटॅग असतो. ‘लाखोंपर्यंत पोचलो’ हे वाक्य संस्थांच्या अहवालात कामाच्या रकान्यात लिहिलं जातं. पोचणं हे काम नव्हे, कामाची सुरुवात आहे. सामाजिक कारणासाठी सांगितलेल्या गोष्टीची किंमत तिच्या खालच्या पत्त्यावर ठरते. ऐकणारा हलला, तर त्याने जायचं कुठे, करायचं काय, आणि तिथे दार उघडायला कोणी आहे का? हा पत्ता नसेल तर उत्तम गोष्टही बडग्यासारखी जळून जाते. पत्ता असेल तर साधी गोष्टही गाव हलवू शकते. नागपूर आणि विदर्भाच्या जवळच्या इतिहासात याचे दोन्ही बाजूंचे दाखले आहेत.

पहिला दाखला नागपूर शहर पोलिसांचा. ७ सप्टेंबर २०१९च्या पहाटे चंद्रयान-२च्या विक्रम लँडरशी इस्रोचा संपर्क तुटला. देश हिरमुसला होता. दोनच दिवसांनी नागपूर पोलिसांच्या ट्विटर खात्यावरून विक्रमला विनंती गेली की बाबा, उत्तर दे, सिग्नल तोडल्याबद्दल आम्ही तुझं चलान करणार नाही. मोटार वाहन कायद्यातले वाढीव दंड त्याच महिन्यात लागू झाले होते, त्यामुळे ‘सिग्नल’ आणि ‘चलान’ हे दोन्ही शब्द लोकांच्या तोंडी होतेच. हा विनोद देशभर फिरला आणि परदेशी माध्यमांनीही त्याची दखल घेतली. त्याने वाहतूक सुधारली का? एका ओळीने रस्ता सुधारत नाही. पण पोलिसांच्या खात्याकडे लोक हसऱ्या चेहऱ्याने वळले. ज्या खात्याचं नाव घेतलं की सामान्य माणूस आवाज खाली करतो, त्या खात्याला ऐकणारे मिळाले. ऐकणारे मिळणं ही पुंजी आहे. ती कुठे खर्च होते, यावर तिचं मोल ठरतं.

ती कुठे खर्च करता येते, हे त्याच वर्षीच्या डिसेंबरात दिसलं. हैदराबादजवळ एका तरुण डॉक्टरवरच्या अत्याचाराने देश हादरला होता. मेणबत्त्या, काळे प्रोफाइल फोटो, संतापाच्या कविता यांचा पूर आला. नागपूर पोलिसांनी त्या दिवसांत जाहीर केलं, की रात्री ९ ते पहाटे ५ या वेळेत एकटी अडकलेली बाई नियंत्रण कक्षाला फोन करेल तर तिला घरापर्यंत सोडलं जाईल. ही बातमीही समाजमाध्यमांवरूनच पसरली, पण तिच्या शेवटी फोन नंबर होता, वेळ होती आणि गाडी होती. उलट बाजूही त्याच आठवड्यात पाहायला मिळाली. पंजाबातल्या लुधियाना पोलिसांची तशीच सेवा सगळ्या देशासाठी असल्याचा निरोप व्हॉट्सॲपवर फिरू लागला. पाठवणाऱ्यांचा हेतू शंभर टक्के चांगला होता. पण दुसऱ्या राज्यातल्या अंधाऱ्या थांब्यावरून एखादीने तो नंबर फिरवला असता, तर पलीकडे तिच्यासाठी गाडी नव्हती. तोच मजकूर, तोच कळवळा. एका ठिकाणी पत्ता खरा होता, दुसऱ्या ठिकाणी खोटा. खोट्या पत्त्याची चांगली गोष्ट ही नुसती निरुपयोगी नसते, धोक्याची असते.

दुसरा दाखला फुटबॉलचा. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१मध्ये नागपुरातल्या झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल स्पर्धा सुरू केल्या. त्यातून क्रीडा विकास संस्था आणि ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं. २०१४च्या ऑक्टोबरात आमिर खान यांच्या ‘सत्यमेव जयते’ने त्यांची गोष्ट घराघरांत नेली. २०१६मध्ये फिफाने विविधतेसाठीचा पुरस्कार ‘स्लम सॉकर’ला दिला. ४ मार्च २०२२ रोजी नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ आला आणि अमिताभ बच्चन यांच्या चेहऱ्याने हे काम पार सातासमुद्रापलीकडे गेलं. या सालांचा क्रम नीट पाहावा. मैदान आधी, टीव्ही तेरा वर्षांनी, सिनेमा एकवीस वर्षांनी. कार्यक्रम पाहून कोणाला मुलगा पाठवावासा वाटला, वेळ द्यावासा वाटला, पैसे द्यावेसे वाटले, तर जायला जागा होती, शिकवायला माणसं होती, चेंडू होते. आजच्या मोहिमा हा क्रम उलटा करतात. आधी फिल्म, मग प्रतिसाद, आणि प्रतिसाद आला तर काम उभं करू असा हिशेब. प्रतिसाद येतो तेव्हा तो दोन-तीन दिवसच टिकतो. तेवढ्यात संस्था उभी राहत नाही.

‘झुंड’च्या निमित्ताने आणखी एक प्रश्न वर आला, तो म्हणजे गोष्ट कोणाची. हैदराबादच्या एका चित्रपट निर्मात्याने एका खेळाडूच्या जीवनकथेचे हक्क आपल्याकडे असल्याचा दावा केला. २०२०मध्ये तेलंगणातल्या न्यायालयाने प्रदर्शन थांबवलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. कायद्याची बाजू कायदेपंडितांनी पाहावी. पण ज्या मुलाच्या आयुष्याची गोष्ट बाजारात जाते, त्याच्या हाती त्यातून काय पडतं, हे सामाजिक कामात कायद्याइतकंच महत्त्वाचं आहे. वस्तीतल्या मुलाचं फाटकं घर, बापाचं दारूत बुडणं, आईचं रडणं कॅमेऱ्यासमोर आलं की पाहणाऱ्याचा घसा दाटतो. त्या मुलाला मात्र उद्या त्याच गल्लीतून शाळेत जायचं असतं, आणि गल्लीने ती फिल्म पाहिलेली असते. ज्याची गोष्ट सांगितली त्याच्या घरापर्यंत काही परत जात नसेल, तर ती गोष्ट त्याच्यासाठी सांगितलेली नाही, त्याच्यावर सांगितलेली आहे. पत्त्याची अट इथे दुहेरी होते. ऐकणाऱ्याला जायला जागा हवी, आणि ज्याची गोष्ट आहे त्याच्याकडे परतीची वाटही हवी.

विदर्भाला हे शहाणपण बाहेरून आणावं लागणार नाही. गाडगेबाबा (१८७६ ते १९५६) अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांच्या कीर्तनाला हजारोंची गर्दी जमायची, तीही ध्वनिवर्धक खेडोपाडी पोचण्याआधीपासून. वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारायचे, समोरच्यांकडून उत्तर काढून घ्यायचं, त्याच उत्तरात त्यांना पकडायचं. कर्ज काढून जेवणावळी घालू नका, बोकड कापू नका, दारू पिऊ नका, शिवाशिव पाळू नका, पोरांना शाळेत घाला. माध्यमाच्या अंगाने पाहिलं तर हा अव्वल दर्जाचा कथनकार. पण कीर्तनाआधी ते हाती खराटा घेऊन गाव झाडत. ऐकायला आलेल्यांनी संदेश कानाने ऐकण्याआधी डोळ्याने पाहिलेला असे. आणि कीर्तनाने हललेल्या माणसाची देणगी धर्मशाळांत, सदावर्तांत, शाळांत जात असे. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथल्या धर्मशाळा हे त्या कीर्तनांचे पत्ते आहेत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, म्हणजे गोष्टीतून उभी राहिलेली इमारत पुन्हा शिक्षणाच्या कामाला लागली. महाराष्ट्र शासनाने पुढे ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचं नाव दिलं. त्यात नावाइतकी त्यांची पद्धतही घेतली असती तर बरं झालं असतं.

याच परंपरेचा आजच्या काळातला सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे पाणी फाउंडेशनची गावागावांतली जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा. आमिर खान, किरण राव आणि सत्यजित भटकळ यांच्या पुढाकाराने ती २०१६मध्ये तीन तालुक्यांत सुरू झाली. त्यातला वरूड अमरावती जिल्ह्यातला, म्हणजे नागपूरचा शेजारी. उरलेले दोन कोरेगाव आणि अंबाजोगाई. पहिल्या वर्षी ११६ गावं होती. २०१७मध्ये ३० तालुके झाले, २०१८मध्ये ७५, २०१९मध्ये ७६. दूरचित्रवाणीवरचा ‘तुफान आलंया’ कार्यक्रम, अजय-अतुल यांचं गाणं, नटनट्या आणि गावातल्या माणसांच्या छोट्या फिल्म, सगळं होतं. पण हा खटाटोप लोकांना रडवण्यासाठी नव्हता, त्यांना आधी प्रशिक्षणाला आणि मग श्रमदानाला आणण्यासाठी होता. गावातून निवडलेली माणसं निवासी प्रशिक्षणाला जायची, उतार कसा मोजायचा, समतल चर कुठे खणायचा, माथ्यापासून पायथ्याकडे का यायचं हे शिकायची आणि परत येऊन उन्हाळ्याचे पंचेचाळीस दिवस गावाला कामाला लावायची. स्पर्धेचे गुण खणलेल्या कामावर होते, किती जणांनी पाहिलं यावर नव्हते. २०१७मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं काकडदरा पहिलं आलं. टीव्हीवर काकडदऱ्याची गोष्ट पाहणाऱ्या दुसऱ्या गावाला कुदळ कुठे मारायची हे ठाऊक होतं, कारण पत्ता त्याच्या शिवारातच होता.

या प्रयोगावर टीका झाली, आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. स्पर्धेच्या घाईत यंत्रांनी वारेमाप खोदाई झाली, शास्त्र मागे पडलं, असं जाणकार म्हणाले. पाणी साठवलं, पण ते उसाला किंवा संत्र्याला कितीही उपसलं तर पुढच्या उन्हाळ्यात विहीर कोरडीच. साठवणं आणि वापरणं यांतलं दुसरं अर्ध स्पर्धेबाहेर राहिलं. तिसरा आक्षेप सगळ्यांत बोचरा. पाणलोटाचं काम सरकारचं. उत्साहाच्या लाटेत सरकार मोकळं सुटतं. या टीकेतून माझाच मुद्दा पक्का होतो. कथा जिथपर्यंत पत्ता देत होती तिथपर्यंत काम झालं. कथेने पत्ता दिला चर खणण्याचा, तेव्हा चर खणले गेले. पिकाच्या निवडीचा पत्ता दिला नव्हता, म्हणून पीक बदललं नाही. संस्थेने ते ओळखलेलं दिसतं. २०२२पासून तिने फार्मर कपच्या रूपाने गटशेतीकडे मोर्चा वळवला, म्हणजे पाण्याकडून पाण्याच्या वापराकडे. उरला सरकारच्या जबाबदारीचा आक्षेप. त्याचं उत्तर गोष्ट न सांगणं हे नाही. गोष्टीच्या खाली सरकारी कचेरीचाही पत्ता घालणं हे आहे. ग्रामसभेचा ठराव, तालुक्याचा कृषी अधिकारी, रोजगार हमीची मागणी हेही गोष्टीचे शेवट होऊ शकतात. ते नटाच्या फोटोइतके देखणे नसतात, एवढंच.

पत्ता कापला गेला तर काय होतं, याचा भयानक धडा महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी घेतला. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षेवर जगणारे लोक होते. त्या उन्हाळ्यात देशभर अशा अफवा व्हॉट्सॲपवरून पसरत होत्या आणि ठिकठिकाणी माणसं मारली जात होती. त्या काळात फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक मूळचा कराचीचा होता. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या तिथल्या संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली ती जाहिरात होती. मोटरसायकलवरचे दोघे मुलाला उचलून नेतात, आणि शेवटी त्याला परत आणून सोडतात आणि संदेशाची पाटी दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापला. उरलं फक्त अपहरण. सामाजिक कारणासाठी कल्पकतेने केलेली गोष्ट शेवटाविना माणसं मारण्याचं निमित्त झाली. त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मर्यादा योग्य होती. पण मोहीम करणाऱ्यांनी घ्यायचा धडा वेगळा आहे. ज्या फिल्मची ताकद सगळी भीतीत आहे आणि शहाणपण शेवटच्या पाच सेकंदांत, ती फिल्म मुळातच कच्ची आहे. पत्ता गोष्टीच्या अंगात मुरलेला हवा, म्हणजे कापला तर गोष्टच उरू नये.

जगाचा अनुभवही हेच सांगतो. मार्च २०१२मध्ये युगांडातल्या जोसेफ कोनी या बंडखोराविरुद्धची अर्ध्या तासाची फिल्म सहा दिवसांत दहा कोटींहून अधिक वेळा पाहिली गेली. पाहणाऱ्याने काय करायचं? भित्तिपत्रकं लावायची. ठरलेल्या रात्री शहरं पत्रकांनी झाकायची होती, पण फार थोडे बाहेर पडले, आणि कोनी कधीच हाती लागला नाही. दोन वर्षांनी बर्फाच्या पाण्याची बादली डोक्यावर ओतण्याचं खूळ आलं. दिसायला त्याहून पोरकट. पण त्यामागे एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारावर संशोधन करवणारी अमेरिकन संस्था आधीच होती आणि तिचं देणगीचं खातं उघडं होतं. त्या एका उन्हाळ्यात तिला साडेअकरा कोटी डॉलर मिळाले. दोन वर्षांत आजाराशी संबंध असलेल्या एका जनुकाचा शोध लागला, त्या संशोधनाला याच पैशाचा हातभार होता. गंभीर फिल्म विरली आणि पोरकट खेळ कामाला आला, तो गांभीर्यामुळे नव्हे, पत्त्यामुळे.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. सगळ्याच बदलांना फोन नंबर नसतो, असं कोणी म्हणेल. माणसाचं मन बदलणं हेच मोठं काम, आणि ते सावकाश होतं. आंबेडकरी जलशांनी कोणाला अर्जाचा नमुना दिला? त्यांनी स्वाभिमान दिला, आणि तो मोजता येत नाही. आक्षेपातला पहिला भाग मान्य करावा लागेल. पण जलशांचं उदाहरण उलट दिशेने जातं. नाशिकच्या भीमराव कर्डकांपासून विदर्भातल्या अनेक गायकांपर्यंत, जलशाने सांगितलेल्या गोष्टी अगदी हातातल्या होत्या. मेलेलं ढोर ओढू नका, गावकीची कामं सोडा, पोर शाळेत घाला, सभेला या. आणि त्या मागण्यांमागे उभं राहायला वसतिगृहं होती, समता सैनिक दल होतं, जुलै १९४२मध्ये नागपुरातच स्थापन झालेलं शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन होतं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षेला लाखो माणसं नागपुरात जमली ती एका भाषणाने नव्हे. गाण्यांनी तयार केलेलं मन आणि चळवळीने बांधलेली वाट एकत्र आल्यामुळे. मन बदलण्याच्या कथेलाही पत्ता लागतो. फक्त तो दूरचा असतो, आणि तिथवर पोचायला वर्षं लागतात.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. छोट्या संस्थेकडे चार माणसं आणि एक खोली. देणगीदार विचारतो, किती जणांपर्यंत पोचलात. व्ह्यूज दाखवले नाहीत तर पुढचा हप्ता येत नाही. मग पत्ता कुठून आणायचा? ही अडचण खरी आहे, पण ती देणगीदाराने तयार केलेली आहे, आणि तिथेच सुटायला हवी. पाच हजार लोकांनी पाहिलं आणि चाळीस जणांनी आपल्या मुलांची आरोग्य तपासणी करून घेतली, हा आकडा पाच लाख व्ह्यूजपेक्षा मोठा मानायला देणगीदारांनी शिकलं पाहिजे. शिवाय पत्ता स्वतःचाच असावा लागत नाही. सरकारी दवाखाना, झोन कार्यालय, पोलीस ठाणे, बाल न्याय मंडळ यांचा पत्ता छोट्या संस्थेलाही देता येतो, फक्त तो आधी जाऊन तपासावा लागतो. खिडकी किती वाजता उघडते, तक्रार कोण घेतं, पावती मिळते का. तपासायचे हे कष्ट फिल्म काढण्याहून कंटाळवाणे आहेत, म्हणूनच ते टाळले जातात.

या सगळ्याची कसोटी लावायला नंदनवनच्या गच्च्या पुरतील. संक्रांत जवळ आली की पूर्व नागपूरच्या आकाशात पतंग आणि गल्लीत नायलॉन मांजा. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७मध्ये त्यावर देशभर बंदी घातली. २०२१च्या जानेवारीत नागपुरात एका तरुणाचा गळा चिरून मृत्यू झाल्यावर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. संक्रांतीच्या दिवशी शहरातले उड्डाणपूल बंद ठेवावे लागतात, इतका हा धोका सगळ्यांना ठाऊक आहे. दरवर्षी चिरलेल्या गळ्यांचे, अडकलेल्या घारी-बगळ्यांचे व्हिडिओ फिरतात, शाळांत शपथा होतात, चौकात पथनाट्यं होतात. जागृती पुरेपूर झाली आहे. तरी चक्री मिळते. कारण गोष्ट ‘वापरू नका’ इथे थांबते, आणि ज्याला वापरायचा नाही त्याला तर सांगायची गरजच नव्हती.

आता हीच मोहीम पत्त्यासकट कशी दिसेल? ग्रेट नाग रोडवरच्या अभियांत्रिकी कॉलेजातल्या मुलांनी फिल्म जरूर करावी, विनोदीच करावी. पण ती डिसेंबरात यावी, विक्री चालू होते तेव्हा. तिच्यात दुकानदार दाखवावा आणि त्याची तक्रार करण्याची जागा दाखवावी: नंदनवन पोलीस ठाणे, महापालिकेच्या नेहरूनगर झोनचं उपद्रव शोध पथक. नायलॉनची चक्री आणून द्या आणि सुती मांजा न्या अशी एक खिडकी मोहल्ल्यातच असावी, आणि फिल्ममधला विनोदाचा शेवट तिथेच व्हावा. मग संक्रांत उलटली की त्याच खात्यावरून हिशेब यावा. किती तक्रारी गेल्या, किती ठिकाणी धाड पडली, किती चक्र्या जमा झाल्या, दवाखान्यात किती जखमी आले, आणि कोणत्या तक्रारीवर काहीच झालं नाही. या शेवटच्या ओळीने पोलीस आणि पालिका अस्वस्थ होतील. व्हावंच. पुढच्या वर्षीची गोष्ट त्या ओळीपासून सुरू करता येईल.

हा हिशेब द्यायला धैर्य लागतं, कारण पहिल्या वर्षी तो लाजिरवाणाच निघेल. हजारोंनी पाहिलेल्या फिल्ममधून सात तक्रारी आणि दोन धाडी. पण तो छापला, की गोष्ट ऐकणाऱ्याला कळतं, की आपल्यासारख्या आणखी दहा जणांनी फोन केला असता तर आकडा बदलला असता. त्याचा वाटा त्याला मोजून दाखवला जातो. कौतुकाने हे होत नाही. कल्पक कथनाविरुद्ध माझं काहीच म्हणणं नाही; विनोद, गाणं, सिनेमा यांच्याशिवाय लोक ऐकत नाहीत, हे गाडगेबाबांपासून नागपूर पोलिसांपर्यंत सगळ्यांनी सिद्ध केलं आहे. मागणी एवढीच, की मोहीम ठरवताना पहिली बैठक पत्त्यावर व्हावी आणि पटकथेवर दुसरी. आणि संक्रांतीनंतरचा तो हिशेब जाहीर करायची ज्यांची तयारी नाही, त्यांनी लोकांच्या दुःखावर कॅमेरा लावू नये.